मामांचा बसायचा ओंडका

"पावणं, ह्ये काय आणलंय?"

मोटारसायकलच्या मागं दोरीनं करकचून बांधलेल्या पोत्याकडं बघत मामांनी विचारलं.

"कटर हाय," मी म्हणालो.

"आता! सासुरवाडीला येताना माणूस केळी आणतंय, जिलबी आणतंय."

"जिलबी बी हाय. ही काय, हँडलला."

मामा म्हणजे माझे सासरे, सुबराव. साठीला टेकलेला काटक माणूस. त्यांनी जिलबीचा पुडा सोडवून घेतला, पोत्याकडं पुन्हा एकदा संशयानं पाहिलं आणि आत हाक दिली, "अगं, पावणं आल्यात. पानी आन." पाणी घेऊन मामी आल्या. ते माझ्या बायकोनं, रेश्मानं आणावं अशी माझी आशा होती, पण ती आली नाही.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. तेव्हा मी आजरा भागात लाकूड कापायची कामं घेत असे. कटर म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. आमच्या पट्ट्यात तेव्हा ती मोजक्या लोकांकडं होती, त्यामुळं माझा जरा तोराच असायचा. पण त्या दिवशी मी ती मिरवायला नेली नव्हती. खरं सांगायचं तर भीतीपोटी नेली होती. बायकोसमोर बसून काय बोलायचं हे मला ठाऊक नव्हतं, आणि कटर चालू असला की कुणालाच बोलता येत नाही.

त्याच्या पाच महिने आधी आमची पहिली मुलगी जन्मली ती गप्पच जन्मली. आठवा महिना होता. पुढच्या आठवड्यात रेश्माला बाळंतपणाला माहेरी न्यायचं ठरलं होतं, तेवढ्यात हे झालं. रेश्मा तेव्हा पुरती शुद्धीवर नव्हती. "तिला दावू नगंस, जीव लावून बसंल," असं आई म्हणाली, आणि मी एकटाच मुलीला घेऊन गेलो. त्यानंतर घरात कुणी त्या विषयाचं नाव काढलं नाही. मी तर पहाटे कटर घेऊन बाहेर पडायचो तो दिवेलागणीला परत यायचो. रेश्मा हळूहळू बोलायची थांबली. तव्यावरची भाकरी करपून धूर झाला तरी ती समोर बसून राहायची. शेवटी मामा येऊन तिला माहेरी घेऊन गेले.

आता आईनं एका देवरशाशी बोलून ठेवलं होतं. अमावस्या परवावर आली होती. "तिला काय तरी बाहेरचं लागलंय. उद्याच्या उद्या घिऊन ये," असं सांगून तिनं मला पाठवलं होतं. रेश्मा माझ्याबरोबर आली तर तिला तिकडं न्यायचं आणि नाही आली तर काय करायचं, याचा काही विचार माझ्याजवळ नव्हता.

परसदारी गेलो तेव्हा ती मागच्या उंबऱ्यावर बसली होती. केस विंचरलेले नव्हते.

"बरी हाईस?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. ती होय म्हणाली की नाही, मला कळलं नाही.

मामी पाठोपाठ बाहेर आल्या. त्यांना बहुतेक माझी दया आली असावी. त्या म्हणाल्या, "पावणं, मिशन आणलंयच न्हवं? मग त्यो आंबा तेवढा चिरून द्या की. पावसाच्या आदी सरपान वाळून माळ्यावर जाईल."

"अगं, जावयाला कामाला लावतीस व्हय? गाव काय म्हनंल?" मामा म्हणाले.

"गाव काय म्हनायचं ते म्हनंल. चूल गावाची न्हाई, माझी हाय. दोन वर्सं ते धूड तितं पडून हाय. तुमची कुऱ्हाड त्याला लागत न्हाई, दुसऱ्याला तुम्ही हात लावू देत न्हाईसा."

परसाच्या टोकाला, बांधालगत, रायवळ आंब्याचं खोड आडवं पडलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या वळवात झाड उन्मळलं होतं. फांद्या केव्हाच जळून गेल्या होत्या, पण खोड तसंच. आंब्याचं लाकूड दोन पावसाळे उघड्यावर राहिलं तर त्याला भुंगा लागतो. हे मात्र शाबूत होतं, कारण त्यावर पत्रे टाकून वर दगड ठेवले होते. सरपणाच्या खोडाला पत्र्याचं छप्पर कोण घालतं, असं मला वाटलं. पण म्हातारी माणसं काय काय जपून ठेवतात, म्हणून मी बोललो नाही.

पत्रे काढले. आधी आडवे काप घेऊन खोडाचे दोन दोन हात लांबीचे ओंडके करायचे होते. कुठं कापायचं ते मामांनीच सांगितलं. खोडावर वाकून, हातानं चाचपत त्यांनी कोळशाच्या रेघा मारल्या. त्यात एका जागी दोन रेघांमधलं अंतर इतरांपेक्षा जास्त होतं.

"ह्यो जरा मोठा हुतोय, मामा."

"हू दे. त्यो मला बसायला ऱ्हाऊ दे."

सहा ओंडके झाले. मोठा ओंडका मामांनी स्वतः लोटत नेऊन फणसाच्या सावलीला लावला आणि त्यावर बसले. तंबाखू काढून मळायला लागले.

आता ओंडके लांबीनं चिरायचे होते. जाणती माणसंसुद्धा यात घोटाळा करतात. ओंडका उभा करून वरून कटर घातला की लाकूड पिठासारखा भुसा टाकतं आणि पातं पुढं सरकत नाही. तो आडवा ठेवायचा, खाली दोन आडवी लाकडं द्यायची म्हणजे साखळी मातीला लागणार नाही, आणि सालीवरून लाकडाच्या रेषांच्या दिशेनं पातं दाबायचं. मग लाकूड लोण्यासारखं जातं आणि कटरमधून लांबच लांब दोरे बाहेर पडतात. ते दोरे गुंतून मशीन चोंदतं, म्हणून मधूनमधून थांबून काडीनं काढावे लागतात. पूर्ण आरपारही जायचं नाही. चार बोटं लाकूड राखायचं, चिरेत पाचर घालायची आणि वरून घणाचा एक घाव. ओंडका आपणहून दोन होतो.

पहिला ओंडका फुटला तसे मामा उठून आले आणि ते दोरे हातात घेऊन बघायला लागले.

"ह्या तर शेवया की, पावणं!"

"दुधात घालून बघा, कशा लागत्यात."

ते हसले. पाचर धरायचं काम मग त्यांनीच घेतलं. दोन ओंडके होईपर्यंत आमची छान लय बसली. मी कटर चालवायचो, मशीन थांबलं की ते पाचर धरायचे, मी घण घालायचो. मधे मामींनी चहा आणला. रेश्मा उंबऱ्यावरच होती, आमच्याकडं बघत होती की पलीकडं, ते सांगता येत नव्हतं.

चहा पिताना मी दबक्या आवाजात मामांना म्हणालो, "आई तिला देवरशाला दावायचं म्हनतीया. परवा."

"दावा," मामा लगेच म्हणाले. "गुण येतोय. मी सांगतो न्हवं, येतोय."

ते इतकं ठामपणे बोलले की मला धीर आला. मामींनी मात्र कपबशा अशा गोळा केल्या की एका बशीचा टवका उडाला.

"तिला इचारलासा?" त्या मला म्हणाल्या.

"न्हाई अजून."

"मग आदी तिला इचारा."

मी "व्हय" म्हणालो आणि घाईघाईनं कटरची दोरी ओढली.

उन्हं कलेपर्यंत पाच ओंडके चिरून झाले. मामांनी म्हैस सोडली आणि तिला पाण्यावर घेऊन गेले. मी सगळ्या ढलप्या रचून काढल्या. हात धुतले. मग ते धुतलेले हात तसेच धरून उभा राहिलो. काम संपलं होतं. आता उंबऱ्यापर्यंत जायचं, तिच्याजवळ बसायचं आणि विचारायचं, एवढंच उरलं होतं. वीस पावलांचं अंतर होतं ते, पण माझ्यानं पाऊल उचलवेना.

फणसाखाली मामांचा ओंडका दिसला. म्हटलं, एवढा एक राहिलाय तर टाकावा चिरून. बसायला त्यातलंच अर्धुक होईल. मामा परत येईपर्यंत काम होईल, आणि तेवढाच अर्धा तास माझाही जाईल. मामांनी "ऱ्हाऊ दे" म्हटलेलं मी विसरलो नव्हतो. पण माणसाला पळायचं असलं की दुसऱ्याचा शब्द फार हलका वाटतो.

ओंडका लोटून लाकडांवर घेतला आणि कटर लावला. पहिलं वीतभर पातं छान गेलं. आणि एकदम कर्रकन आवाज होऊन ठिणग्या उडाल्या, मशीन माझ्या हातात हिसकलं. मी खटक्यावरचं बोट काढलं. साखळी थांबली. चार-पाच दात पार बोथट झाले होते, एक तर उडालाच होता. ते पातं आणखी थोडं उसळलं असतं तर आज ही गोष्ट सांगायला मी नसतो.

चिरेत पाचर घातली, घण मारला. ओंडका फुटला आणि आतला भाग उघडा झाला. पिवळ्या लाकडात शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला होता. त्याच्या मधोमध लोहाराकडचा घडीव खिळा होता, चांगला वीतभर लांब. खिळ्याच्या माथ्याखाली काळ्या दोऱ्याचे वेढे होते आणि त्या वेढ्यांत गुरफटलेले केस. लाकूड त्या सगळ्यावर वाढून केव्हाच मिटलं होतं.

"काय केलंसा, पावणं?"

मामा मागं उभे होते. म्हैस दावणीकडं एकटीच चालली होती. मी साखळीबद्दल काहीतरी बोलायला लागलो, पण त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ते घराच्या दाराकडं बघत होते. मामी दारात आल्यात का, एवढंच ते बघत होते. मग ते खिळ्यापुढं खाली बसले.

"आमचं पयलं पोरगं," ते हळू आवाजात म्हणाले, "अकरा दिसांनी गेलं. रेश्माच्या आदी. तुम्हांस्नी कुनी सांगितलं नसंल."

"न्हाई."

"तवा तुमची मामी बी अशीच झाली हुती. बोलंना, खाईना. तिन्हीसांजंला बांधावर जाऊन हुबी ऱ्हायची. देवरशी म्हनाला, हिचं केस आनून दे. त्यानं मंतरून खिळा दिला. ह्या आंब्यात ठोक म्हनाला, आनि बाईला कळू दिऊ नगंस. खिळा झाडात हाय तवर बाई धड. निघाला की..." त्यांनी पुढचं गिळलं. "वरसाभरात गुण आला, पावणं. तीस वर्सं झाली. झाड पडलं तवापास्नं माझ्या डोळ्याला डोळा लागला न्हाई."

पत्रे, कोळशाच्या रेघा, बसायचा ओंडका, सगळं मला एकदम उमगलं. मला माझी लाज वाटली. आणि त्याहून जास्त, त्यांचं हातपाय गाळून बसणं बघवेना. तीस वर्षं बायकोला वाचवून ठेवलेला माणूस होता तो, आणि मी अर्धा तास टाळायला त्याचं छप्पर पाडलं होतं.

"पक्कड आना," मामा एकदम म्हणाले. "हिनं बघायच्या आदी काढू आनि फणसात ठोकू. तसाच. केसासकट."

"फणसात नगा ठोकू. आदीच त्याला फणस धरत न्हाईत."

मामी आमच्या डोक्याशी येऊन उभ्या होत्या. आम्हा दोघांनाही त्या आलेल्या कळल्या नव्हत्या. मामा धडपडत उठले आणि ओंडक्यापुढं आडवे उभे राहायला बघू लागले. एवढ्या मोठ्या ओंडक्याला आड करण्याइतका तो देह नव्हता.

"काय लपवताय?" मामी म्हणाल्या. "मला म्हाईत हाय. तुम्ही खिळा ठोकत हुतासा तवा मी गोठ्यात हुते. पयला घाव अंगठ्यावर घालून घेतलासा. नख काळं हुतं म्हैनाभर."

मामांनी नकळत अंगठा मुठीत घेतला.

"तीस वर्सं तुला ठावं हाय?"

"हाय की."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्हांस्नी बरं वाटत हुतं. मग कशाला बोलायचं?"

मामा खुळ्यासारखे बघत राहिले. "मग गुण? गुण कशानं आला?"

मामी खाली बसल्या. फुटलेल्या लाकडावरून त्यांनी हात फिरवला, खिळ्यावरून फिरवला, आणि तिथला काळा डाग बोटाला लागतो का ते बघितलं. मी आणि मामा त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. पण त्या खिळ्याला हात लावूनही मामी जशा होत्या तशाच होत्या.

"त्या साली तुम्ही भांगलायला माझ्यासंगं बायकांच्या पातीत बसायचासा. समदं रान हसत हुतं तुम्हांस्नी. आठवतंय? मी बोलत नव्हते, तर तुम्ही बी उगंच बडबडला न्हाईसा. निसतं बसून खुरपत हुतासा. आनि एक दिस खुरपं थांबवून म्हनालासा, पोराचं नाक त्याच्या आज्यावानी हुतं, न्हवं? चांगलं धारदार." मामींनी एक ढलपी उचलून बाजूला ठेवली. "त्या दिसापतूर मला समदी सांगायची, इसर, इसर. जनू त्यो आलाच नव्हता. तुम्ही त्याला नाक दिलासा. मग मला रडाय आलं. लई रडले. त्यानं बरी झाले मी, खिळ्यानं न्हाई."

डोळे पुसायला मामांनी डोईचा पटका घेतला, तर त्यातली तंबाखूची पुडी खाली पडली.

"मला कुनी दावलीच न्हाई."

आवाज इतका बारीक होता की आधी मला तो मामींचाच वाटला. रेश्मा उंबरा सोडून आली होती. ढलप्यांच्या ढिगाला धरून उभी होती.

"समदी म्हंत्यात मुलगी हुती," ती म्हणाली. आता ती सरळ माझ्याकडं बघत होती. "कशी हुती?"

मामींनी मामांचा हात धरला. "चला, म्हैस सोडून आलायसा. बांधायला नगं?" त्या म्हणाल्या आणि त्यांना गोठ्याकडं घेऊन गेल्या.

कटर बंद पडलेला होता. चालवायला एकही ओंडका उरला नव्हता. पाच महिने मी जे कुणापुढं उच्चारलं नव्हतं, ते कुठल्या टोकानं धरायचं तेच सापडेना.

"केस लई हुते," मी म्हणालो. "काळेभोर. वल्ले हुते. कपाळावर चिकटलेले."

ती ऐकत होती.

"डोळं मिटलेलं. वरचा ओठ तुझ्यावानी, मधी जरा उचललेला. रंगानं माझ्यावर गेली हुती बिचारी."

"कशात गुंडाळलीसा?"

"काय नव्हतंच जवळ. माझ्या अंगातल्या शर्टात. निळ्या."

"म्हंजी तुम्ही उघडंच आलासा घरला? पौषात?"

"बनियन हुतं."

तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की काय कोण जाणे, पण त्याच्या मागोमाग ती रडायला लागली. मोठ्यानं, पोटातून. ढलप्यांवरून घसरत खाली बसली आणि रडत राहिली. याच आवाजाला घाबरून मी पाच महिने रानोमाळ कटर फिरवत होतो. आता तो समोर होता, आणि मी तिच्याशेजारी बसल्यावर माझाही त्यात कधी मिसळला ते मला कळलं नाही. गोठ्याकडून कुणी आलं नाही. दिवस मावळला तेव्हा ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, "कुठं ठेवलीसा?"

"वड्याकाठी. आपल्या वरल्या शेताच्या अंगाला. करंज हाय बघ, त्याच्या बुडाला."

"उद्या मला आदी तितं न्या. घरला मागनं जाऊ."

"आई परवाचं म्हनतीया. देवरशी."

"तितं मी येत न्हाई," ती म्हणाली. इतके दिवस ना हो ना नाही करणारी बाई एवढं स्वच्छ बोलली की मला बरंच वाटलं.

"नगं मग," मी म्हणालो.

सकाळी निघालो. मामींनी तिचे केस विंचरून घट्ट वेणी घातली होती. कटर मी सासुरवाडीतच ठेवला, कारण मोटारसायकलवर मागं आता जागा नव्हती. मामा वाटेपर्यंत पोचवायला आले.

करंजाच्या बुडाशी मी रचलेले सात दगड होते. त्यातला एक गुरांच्या पायानं सरकला होता. रेश्मानं तो जागेवर बसवला, भोवतीचं गवत उपटलं. मी लांब उभा होतो. बऱ्याच वेळानं तिनं वळून बघितलं.

"बोटं मोजलीसा?"

"मोजली. पाच."

"दोन्ही हातांची?"

मला सहज "व्हय" म्हणता आलं असतं.

"एकाच," मी म्हणालो. "दुसरी मूठ घट्ट हुती. उघडाय माझा जीव झाला न्हाई."

तिनं मघाच्या दगडावरची माती पुसली.

"बरं केलंसा," ती म्हणाली. "तिची तिच्याजवळ ऱ्हाऊ दे."

मग तिनं जरा सरकून माझ्यासाठी जागा केली, आणि मी जाऊन तिच्याशेजारी बसलो.